खांद्यावरचा एक

७ जानेवारी

फ्रॉक याही वेळेला लहान आला. गळ्यातून गेला आणि खांद्यावर अडला. मी बाजूची शिवण उसवून बघितली, म्हटलं थोडं सोडता येईल, तर आत माया म्हणून ठेवलेली नाही. तयार कपड्यांचं असंच, वरून झालर आणि आत बोटभर जादा कापड नाही. तुझ्या डोक्यात पोर तू गेलीस तेवढीच राहिली आहे वाटतं. पोरं वाढतात, त्यांना तसं सांगावं लागत नाही. आणि पार्सलात चिठ्ठी नाही. दुकानाची पिशवी घडी घालून ठेवलीस, पण चार ओळी खरडायला हात दुखला.

असो. आशीर्वाद. मी बरी आहे. तू बरी असशील असं धरून चालते, कारण पार्सलावरचा पत्ता तुझ्याच अक्षरात आहे, आणि हात चालतो म्हणजे माणूस ठीक आहे.

ऱ्हस्व-दीर्घ बघत बसू नकोस, मास्तरीणबाई. लाल पेन खाली ठेव. दुसरीतून उठलेल्या बाईचं पत्र आहे.

आता मुख्य गोष्ट. पोरीला शाळेतून काढलं. ओरडू नकोस, आधी ऐक.

ती बोलताना अडते हे तुला माहीत आहे. तू होतीस तेव्हा आपण म्हणत होतो, मोठी झाली की जाईल. गेलं नाही. बसून राहिलं, पाहुण्यासारखं. वर्गात बाईंनी तिला उभी करून वाचायला लावलं. पहिलाच शब्द 'पाणी'. पोर प वर अडली. मग बंद पडलेल्या गाडीला मागून धक्का देतात तसा सगळा वर्ग प-प-प करायला लागला. बाईसुद्धा हसल्या म्हणे. त्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर ही वर्गात नाही. शोधाशोध झाली. खेळाचं सामान ठेवतात त्या खोलीत, गाद्यांच्या मागे सापडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनवर बसले तर पायडल हलेना. खाली बघते तर ही, दोन्ही हातांनी पायडल धरून बसलेली. "आजी, श-शाळेत नाही," एवढंच. मी म्हटलं, "पायडल सोड, लोकांच्या पँटी थांबल्यात." सोडलं नाही. मग मीच शाळा सोडली, तिच्या वतीनं.

घरी शिकवलेलं चालतं. कार्यालयात जाऊन विचारून आले. पण तपासणीला एक बाई येणार. पोरीनं गणितं करून दाखवायची आणि एक पान मोठ्यानं वाचायचं. बाईंचं समाधान झालं तर ठीक. नाही झालं तर वसतिशाळा, म्हणजे तिथंच राहायचं आणि सुट्टीला घरी. गाद्यांमागे लपणारी पोर शंभर पोरांच्या खोलीत झोपवायची, हा त्यांचा इलाज.

तपासणीच्या बाई परवा नुसतं घर बघायला येऊन गेल्या, वाईट नाहीत. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. मला म्हणाल्या, "आजी, तुम्ही किती शिकलात?"

मी म्हटलं, "पुरेल इतकं."

"कुणाला पुरेल इतकं?" म्हणाल्या. मी मशीनला तेल घालायला लागले. तेल कालच घातलं होतं.

जाताना म्हणाल्या, "घाबरू नका. हल्ली नेटवर सगळं फुकट मिळतं. शोधलं की सापडतं."

तर शोधायचं कुठं आणि काय, ते कळव. तू शिकलीस, तू शिकवतेस. माझ्याशी अबोला आहे तो राहू दे, मला त्याची सवय झाली. तपासणी फेब्रुवारीत आहे.

पोर मजेत आहे. तुझं नाव काढत नाही.

तुझी आई

२१ जानेवारी

पत्र पोचलं नाही म्हणशील तर पोस्टमन मला ओळखतो, त्याच्या पँटीची चेन मीच बदलली आहे. पोचलं आहे.

तुझ्या उत्तराची वाट बघत बसले असते तर पोर कोरीच राहिली असती, म्हणून मीच लागले शोधायला. फोन आहे, काचेला कोपऱ्यात तडा गेलेला. टाइप करणं मला जमत नाही, माझं बोट तीन अक्षरांवर एकदम पडतं. खालचा चावीवाला म्हणाला, "आजी, त्या माइकच्या चित्रावर दाबा आणि बोला. तो लिहून घेतो." बोलण्याचं मला कुणी शिकवायला नको.

मी म्हटलं, "फुकट शिकवणी." तर एक माणूस शेअर बाजार शिकवायला लागला, इतक्या मोठ्यानं की वरच्या मजल्यावरून कुणीतरी काठी आपटली. मग म्हटलं, "लहान मुलांची फुकट शाळा." एक अंडं आलं, हातपाय असलेलं, आणि नाचायला लागलं. अर्धा तास नाचलं. शेवटी इंग्रजीत एक ते पाच म्हणालं. पोर म्हणाली, "आजी, हे मला य-येतं." मी म्हटलं, "अंड्याला पण येतं, म्हणजे कठीण नसणार."

एक जागा खरंच चांगली दिसली. इयत्तेप्रमाणे धडे, चित्रं, शेवटी प्रश्न. पोर रमली. तिसऱ्या धड्याला कुलूप. पुढं जायचं तर बँकेच्या कार्डाचा नंबर घाला. मी फोनला शिव्या दिल्या, तर त्यानं त्यासुद्धा लिहून घेतल्या आणि उत्तरं शोधून आणली.

त्या दिवशी मी जरा बोलून गेले. चावीवाल्याला म्हणत होते, "सगळं फुकट गेलं बघ." पोर मागं उभी. तिला वाटलं, तिच्याबद्दलच बोलते. दिवसभर तोंडात घास नाही. किती समजावलं, "अगं, वेळ फुकट गेला, तू नाहीस." आपली भाषाही धन्य, पैसे लागत नाहीत तेही फुकट आणि वाया गेलं तेही फुकट. म्हणून आता आम्ही घरात 'मोफत' म्हणतो.

मग वाचनालयात गेले. तिथल्या बाईंनी नीट सांगितलं. कार्ड मागितलं की बंद करायचं. एकच सुटा धडा असेल तर त्याच्या मागं धावायचं नाही, खाली पुढचे धडे ओळीनं आहेत का बघायचं. गोष्टींची पुस्तकं मोफत मिळतात अशी एक जागा काढून दिली. चित्र दिसतं, खाली मजकूर, आणि आवाज वाचून दाखवतो. शब्द येईल तसा पिवळा होतो.

आणि इथं गंमत झाली, म्हणून हे पत्र. त्या आवाजाबरोबर पोर वाचायला लागली आणि अडली नाही. एकदाही नाही. मी कापडात सुई तशीच ठेवून ऐकत राहिले. आवाज बंद केला की पुन्हा प-प. सुरू केला की सरळ. कुणी बरोबर चालत असलं की हिचं पाऊल अडत नाही. हे असं का, ते तुला माहीत असेल तर सांग. तपासणीला बरोबर वाचायला कोण असणार, ही चिंता मला लागली आहे. परवा गिऱ्हाइकाच्या पँटीला चेन उलटी बसवली. तो बिचारा इथंच चढवून बघत होता. पुढचं लिहीत नाही.

आता अडलंय ते गणितात. दोन आकडी बेरीज. अंडं तिथपर्यंत पोचत नाही.

आई

२ फेब्रुवारी

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हे तुझ्यासाठीच आहे, आजूबाजूला बघू नकोस.

सांगते काय झालं ते. बेरजेचे धडे खूप मिळाले, पण पोरीला एकही लागू पडेना. सगळे म्हणतात हातचा, हातचा. पोर विचारते, "ह-हातचा म्हणजे काय, आजी?" मी म्हटलं, "अगं, तो खांद्यावरचा एक." तिला ते लगेच कळलं, कारण आपल्या घरात तसंच म्हणतात. तुला आठवतं ना? आमचे मास्तर हातचा शिकवत होते त्या दिवशी मी शाळेत नव्हते, आईबरोबर कामाला गेले होते. दुसऱ्या दिवशी फळ्यावर बघते तर पुढच्या आकड्याच्या वर कोपऱ्यात बारीकसा एक मांडलेला. मला वाटलं, खांद्यावर घेतलाय, पोराला घेतात तसा. पुढं तुला शिकवलं तेव्हा तेच सांगितलं, पाच खाली, एक खांद्यावर. तू शाळेत जाऊन तसंच म्हणालीस, वर्ग हसला, आणि तू घरी येऊन दप्तर आपटलंस. "आई, त्याला हातचा म्हणतात! तुला काहीच येत नाही!" मी म्हटलं, "उत्तर बरोबर आलं ना? मग हातावर घे नाहीतर डोक्यावर." दोन दिवस बोलली नव्हतीस. अबोला तुझा तेव्हापासूनचाच.

तर परवा मी वैतागून फोनला म्हटलं, "खांद्यावर एक घ्यायची बेरीज."

एकच धडा आला. बाकी सगळी खांदेदुखीची मलमं.

पांढरा कागद, निळं पेन, एक हात. तोंड नाही, नाव नाही. आणि आवाज: "सहा नि नऊ पंधरा. पाच खाली, एक खांद्यावर. त्याला पडू द्यायचं नाही हं, घट्ट धरायचा."

मी पोरीला म्हटलं, "जा, खालून दोऱ्याची रिळं आण." काळा दोरा घरात डझनभर होता. ती गेल्यावर पुन्हा लावलं. बोलायच्या आधी तू घसा खाकरतेस, तसा खाकरलेला. हाताच्या अंगठ्यावर मशीनची सुई गेलेली ती खूण. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा. महिनाभर मी जगभर मास्तर शोधत होते आणि मास्तर माझ्याच पोटचा निघाला.

खाली ओळीनं बाकीचे धडे आहेत. वजाबाकी आहे, गुणाकार आहे. 'माझ्याबरोबर वाचा' म्हणून गोष्टीही आहेत. कुलूप नाही, कार्ड नाही. वाचनालयाच्या बाईंच्या सगळ्या परीक्षांत तू पास.

दोन दिवस पोर सारखी तुझ्या मागोमाग वाचते आहे. ती तुला खांदेवाल्या बाई म्हणते. मी तिला सांगितलेलं नाही. सांगितलं आणि तू पुन्हा गप्प बसलीस, तर ते तिला कसं समजावू? अशी माया मला ठेवता येत नाही कुठल्या शिवणीत. आणि तुला कळलं की आम्ही बघतो, तर चिडून सगळं पुसून टाकशील, तीही धास्ती आहे. तरी लिहिते आहे. धड्याखाली लोक लिहितात तसं मी लिहिणार नाही, आपलं भांडण चव्हाट्यावर मांडायला मी मोकळी नाही.

पुसू नकोस. एवढं ऐक. माझ्यावरचा राग धड्यांवर काढू नकोस.

आई

११ फेब्रुवारी

ही कार्टी तुझ्यावर गेली आहे, आतल्या गाठीची.

काल फोनवर धडा लावायला गेले तर खाली लोकांच्या लिहिण्यात एक ओळ दिसली. "बाई, खांद्यावरचा एक विसरला तर काय होतं?" आणि लिहिणाऱ्याच्या जागी माझंच खातं, चावीवाल्यानं उघडून दिलेलं. मी तर लिहिलं नव्हतं.

त्याखाली तुझं उत्तर. "मग उत्तर चुकतं, बाळा. म्हणून पुढच्या घरात गेलं की आधी तोच मोजायचा."

मी पोरीला समोर बसवलं. "हे कुणी लिहिलं?"

"म-मी."

"का?"

"शंका होती."

"तुला बेरीज येते. कालच सगळी गणितं बरोबर आली."

ती पायानं मशीनचं चाक हलवत राहिली. मग म्हणाली, "आजी, तुला क-कळलं नाही का? ती आई आहे."

मी म्हटलं, "कोण म्हणतं?"

"आवाज. आणि अंगठा." वर मलाच समजावते, "तुला सांगितलं नाही, क-कारण तू रागावून फोन बंद केला असतास."

म्हणजे मी तिच्यापासून लपवत होते आणि ती माझ्यापासून. एका खोलीत दोन चोर, आणि मुद्देमाल एकच. पहिल्या दिवसापासून तिला ठाऊक होतं. दोरा आणायला पाठवलं तेव्हा जिन्यातच थांबून ऐकत होती म्हणे.

पहिल्या पत्रात लिहिलं की ती तुझं नाव काढत नाही. ते खरंच आहे, नाव काढत नाही. पण तू पाठवलेले, लहान झालेले फ्रॉक मी कुणाला द्यायला निघाले की उशीखाली घालून त्यावर बसते.

तुझं ते उत्तर तिनं मला वाचून दाखवलं. 'बाळा' वर अडली, मग नीट म्हणाली. नंतर विचारलं, "आजी, तिला माहीत असेल का, की बाळा म्हणजे मी?"

मी म्हटलं, "झोप." दुपारचे चार वाजले होते.

तुला माहीत होतं का? खातं माझं होतं, पण वर माझं नाव नाही, चावीवाल्यानं 'आजी टेलर' ठेवलं आहे. आजी टेलर वाचून तुला काहीच वाटलं नाही? का वाटलं, आणि तरी तेवढंच लिहिलंस?

आई

१५ फेब्रुवारी

तपासणीच्या बाई न सांगता चार दिवस आधीच आल्या. टेबलावर कापडं, जमिनीवर दोऱ्याचे तुकडे, आणि मी तोंडात टाचण्या धरून दार उघडलं. टाचण्या काढेपर्यंत नमस्कारही करता आला नाही.

गणितं सगळी बरोबर. बाईंनी विचारलं, "हा वरचा एक कुठून आला?" पोर 'हातचा' म्हणायला गेली, ह वर अडली, आणि मग एका दमात म्हणाली, "खांद्यावर घेतला." बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

मग वाचन. पहिल्याच शब्दाला पोर थांबली. ओठ मिटलेले, मान ताठ, डोळ्यांत पाणी. मी फोनवर तुझी गोष्ट लावली. "माझ्याबरोबर वाचा," तू म्हणालीस, आणि पोर तुझ्याबरोबर अख्खं पान वाचून गेली. बाईंनी चष्मा काढला, पुन्हा लावला. म्हणाल्या, "वाचता येतं हिला. पण यंत्र चालणार नाही. ही गोष्ट पाठ असेल, मला कसं कळणार? नवं पान पाहिजे. अडणाऱ्या मुलाबरोबर कुणी वाचणारं असेल तर नियमात बसतं, पण ते जिवंत माणूस असायला हवं. घरातलं कोण आहे?"

मी म्हटलं, "मी आहे."

बसलो दोघी. पोर पहिल्या अक्षराला अडते, मी जोडाक्षराला. ती चालू झाली की मी बंद, मी चालू झाले की ती माझ्यासाठी थांबते. तीन ओळी झाल्या आणि बाई म्हणाल्या, "आजी, राहू द्या. तुम्हीच तिला अडवताय."

हसून म्हणाल्या, पण खरं म्हणाल्या.

वसतिशाळेचं पत्र त्यांच्या पिशवीत तयार होतं, मी बघितलं. काढलं नाही. एक संधी देते म्हणाल्या. २६ तारखेला सकाळी दहा वाजता पुन्हा येतील, नवं पान घेऊन. यानंतर पुन्हा संधी नाही. मी विचारलं, "बरोबर वाचणारं माणूस लांब असलं तर?" म्हणाल्या, "फोनवर चालेल. पानाचा फोटो मीच तिथल्या तिथं पाठवेन. पण माणूस जिवंत हवं."

तर आता ऐक.

पत्रासोबत दोरा आहे, काळा, रिळाचा. पोरीच्या एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत धरून तोडला आहे. पुढचा फ्रॉक घ्यायचा असेल तर यावरून घे. आणि आत माया आहे का ते उलटा करून बघ.

तू का गेलीस, का बोलत नाहीस, मी काय म्हणाले होते, तू काय म्हणालीस, ते सगळं मला ठाऊक आहे आणि मी त्यातलं काही परत घेत नाही. तूही घेऊ नकोस. आपण दोघी जन्मभर भांडू, वेळ आहे. पोरीकडे वेळ नाही.

तिला तू येशील असं मी सांगितलेलं नाही. पण तिनं स्टूल आणून फोनच्या जागेजवळ ठेवलं आहे, आणि विचारलं तर म्हणते, "ब-बसायला."

२६ तारीख, सकाळी दहा. नंबर तोच आहे. बदललास तू, मी नाही. मी मशीन बंद ठेवीन आणि फोनला हात लावणार नाही. फोन तुझ्या कुठल्या मैत्रिणीनं करायचा नाही, 'बाई कामात आहेत' असं कुणी सांगायचं नाही, आणि मला पत्र लिहायचं नाही. पोर पहिल्या शब्दावर थांबेल तेव्हा तिच्याबरोबर तो शब्द तूच म्हणायचा. उत्तर तूच द्यायचं, पोरीला द्यायचं, आणि तोंडानं द्यायचं.